कारणाचा रकाना : गांजातील एका द्रव्याचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत बिडी-कामगारांच्या संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे तो हजार बिड्यांच्या मजुरीवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते; आणि बहुधा ती खरी ठरते. आज मात्र आम्ही एका रासायनिक द्रव्याचा इतिहास सांगणार आहोत. त्या द्रव्याचे नाव कॅनाबिनॉल. ते गांजात सापडते. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगार-कायद्याची पुस्तके आणि इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा हे धाडस आम्ही का करीत आहोत, ते प्रथम सांगणे भाग आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात तिरोडा तालुक्यातील एक बिडी वळणारी बाई संघटनेच्या कचेरीत आली. पिशवीतून तिने एक लहानशी बाटली काढून टेबलावर ठेवली. शहरात नोकरीला असलेल्या तिच्या भाच्याने ती आणून दिली होती. बाईला कित्येक महिन्यांपासून रात्री झोप लागत नव्हती. बाटलीवर इंग्रजीत लिहिले होते की यात कॅनाबिनॉल आहे व त्याने शांत झोप येते. बाटलीची किंमत बाईच्या आठवड्याच्या मजुरीहून अधिक होती. भाचा म्हणाला होता, संपली की कळव, आणखी पाठवतो. पण पुढच्या बाटलीचे पैसे तिलाच द्यावे लागणार होते.

"भाऊ, हे घेऊ का जी?" एवढाच तिचा प्रश्न.

आम्ही म्हटले, "बाई, आठ दिवस थांबा. आम्ही वाचतो आणि सांगतो." त्या आठ दिवसांचे आमच्यापुरते आठ महिने झाले. बाईला उत्तर त्याआधीच मिळाले, ते शेवटी सांगू. पण वाचता वाचता आमच्या हाती जो इतिहास लागला, तो तिच्याइतकाच आपणा सर्वांच्या उपयोगाचा आहे असे वाटल्यावरून आजचा विषय ठरविला.

वेड्यांची इस्पितळे आणि गांजा

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८९० च्या सुमारास, हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजा ओढणाऱ्यांनी भरून गेली आहेत, असा एक समज विलायतेत पसरला होता. तेथील पार्लमेंटात त्यावर प्रश्न विचारले जात. मद्यपानबंदीचे पुरस्कर्ते असलेले सभासद विल्यम केन यांनी मार्च १८९३ मध्ये हा विषय लावून धरला, आणि त्याच वर्षी सरकारने चौकशीसाठी एक आयोग नेमला. 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' या नावाने तो ओळखला जातो. गांजा, भांग आणि चरस या तिन्हींची लागवड, विक्री, वापर आणि परिणाम यांची चौकशी त्याने करावयाची होती.

आयोगावर सात सभासद होते. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. इतरांत आपल्या मध्य प्रांताच्या छत्तीसगड विभागाचे कमिशनर ए. एच. एल. फ्रेझर होते. पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होऊन १९०५ च्या फाळणीच्या वेळी ज्यांचे नाव गाजले, तेच हे फ्रेझर. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते. राजा शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनामसिंह व लाला निहालचंद हे तीन हिंदी सभासद होते. आयोगाने प्रांतोप्रांती ११९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले आणि १८९४ च्या ऑगस्टात आपला अहवाल दिला. साक्षी-पुराव्यांसह त्याचे सात खंड झाले. आज ते खंड कोणालाही घरबसल्या वाचता येतात. आम्ही ते तालुक्याच्या वाचनालयातील संगणकावर वाचले.

त्या काळी गोंदिया हे भंडारा जिल्ह्यातील एक गाव होते आणि भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. मध्य प्रांतातील गांजाची लागवड निमाड जिल्ह्याच्या खांडवा तहसिलीपुरती मर्यादित होती. परवाना घेऊन पीक काढायचे, सरकारी देखरेखीखाली साठवायचे, आणि तेथून तो परवानेदार दुकानदारांकडे जायचा, अशी ती व्यवस्था. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात निघे. सरकारला या धंद्यापासून महसूल मिळत होता, हे अहवाल वाचताना विसरून चालणार नाही. ज्याला महसूल मिळतो त्यानेच चौकशी करावी, यात संशयाला जागा राहतेच. तरीही आयोगाने एक काम असे केले की त्यासाठी त्याची आठवण ठेवली पाहिजे.

आयोगाने विचारले : वेड गांजामुळे लागले हे इस्पितळाला कळते कसे?

उत्तर शोधताना तो एका कागदापर्यंत पोचला. वेडा ठरलेला माणूस इस्पितळात आणताना त्याच्याबरोबर एक वर्णनपत्र येत असे. नाव, जात, वय, धंदा, आणि पुढे एक रकाना : वेडाचे कारण. हा रकाना पुष्कळदा भरत असे पोलिस. रोगी रस्त्यावर सापडलेला, नातलग जवळ नाहीत, गावाचा पत्ता नाही. रकाना कोरा ठेवला तर वरचा अधिकारी विचारणार. मग हा माणूस गांजा ओढतो काय, एवढे कोणाला तरी विचारायचे. तो ओढतो असे कळले, किंवा ओढत असावा असे वाटले, की 'गांजा' हा शब्द रकान्यात पडला. इस्पितळाच्या डॉक्टरने तो तसाच आपल्या वहीत उतरवून घ्यायचा. वर्षाअखेर त्या वह्यांची बेरीज व्हायची. ती प्रांताच्या अहवालात छापली जायची. छापील अहवाल विलायतेस जायचा आणि तेथे पार्लमेंटात सभासद उठून सांगायचे की हिंदुस्थानातील इस्पितळे गांजाने भरली आहेत. साखळीच्या प्रत्येक कडीला वाटे की आधीच्या कडीने चौकशी केली आहे. वास्तविक ती कोणीच केलेली नव्हती.

आयोगाने १८९२ या एका वर्षाचे रोगी निवडले. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले होते, आणि त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण लिहिलेले होते. या २२२ जणांची आयोगाने एकेक करून फेरचौकशी करविली. रोग्याच्या गावी माणूस पाठवून, नातलगांना आणि शेजाऱ्यांना विचारून, वेड आधी की व्यसन आधी हे पाहिले. घरात पूर्वी कोणाला वेड होते काय, फेफरे होते काय, मोठे दुःख झाले होते काय, हेही विचारले. काहींनी गांजाला कधी शिवलेही नव्हते. काहींचे वेड आधीचे आणि गांजा नंतरचा निघाला. चाळून चाळून ९८ रोगी असे उरले की ज्यांच्या बाबतीत गांजा-भांगेचा संबंध मानणे वाजवी होते. एकूण दाखल झालेल्यांत हे प्रमाण ७.३ टक्के पडते.

आता हे ९८ म्हणजे काहीच नव्हे, असे आम्ही म्हणत नाही. गांजाची वकिली करायला आम्ही येथे आलेलो नाही. आयोगानेही अतिसेवन शरीराला व मनाला घातक आहे, असेच लिहिले. बेताच्या सेवनाने मात्र सामान्यतः अपाय दिसत नाही व सरसकट बंदीची जरुरी नाही, असा त्याचा निर्णय होता. राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद या दोघांना तो सर्वस्वी मान्य झाला नाही आणि त्यांनी आपली भिन्न मते जोडली. त्यानंतरच्या काळात, लहान वयात व फार प्रमाणात गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, असे संशोधनाने दाखविले आहे. प्रश्न गांजा चांगला की वाईट हा नाही. प्रश्न असा की २२२ मधील १२४ माणसांच्या वेडाचे खरे कारण काय होते? ते त्या एका शब्दाखाली गाडले गेले. ज्याला ज्वरानंतर भ्रम झाला, ज्याचे घरदार बुडाले, त्या सर्वांना एकच उत्तर मिळाले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही आपली म्हण येथे अगदी अक्षरशः लागू पडते.

आमच्या वहीतील एक नोंद

हे प्रकरण वाचताना आम्हांला १९९८ सालची एक गोष्ट आठवली. गोंदिया जिल्हा अजून झाला नव्हता. तो १ मे १९९९ रोजी झाला. आम्ही संघटनेत नवे होतो. एका बिडी कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्या एका इसमाला कामावरून कमी करण्यात आले. कारण दिले होते : 'गांजाचे व्यसन'. इसम अबोल. तो घरी बसून राहिला. व्यसनी म्हटल्यावर शेजाऱ्यांनीही विचारपूस सोडली. त्याच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती, ती मोडली.

आम्ही चौकशीला गेलो. कारखान्याच्या कारकुनाला विचारले, तुम्ही याला गांजा ओढताना पाहिले काय? नाही. कोणी सांगितले काय? नाही. मग लिहिले कसे? तो म्हणाला, "कागदावर कारण लिहावं लागते. याचे डोळे नेहमी लाल राहतात." आता भट्टीच्या धुरात आठ तास उभ्या असलेल्या माणसाचे डोळे लाल होणार नाहीत तर काय होतील? त्याच भट्टीवरच्या दुसऱ्या दोघांचे डोळे आम्ही त्या कारकुनाला दाखविले. पाच महिन्यांनी तो इसम कामावर परतला. कागदावरचा शब्द मात्र कोणी खोडला नाही, आणि मोडलेली सोयरीकही पुन्हा जुळली नाही.

तेव्हा आम्हांला त्या कारकुनाचा राग आला होता. आज तितका येत नाही. त्याला रकाना भरावयाचा होता. कोऱ्या रकान्याची भीती फार मोठी असते. ती कारकुनाला असते तशी पंडितांनाही असते, हे पुढच्या इतिहासावरून दिसेल.

तांबडे तेल

आयोगाच्या कामात एक उणीव राहून गेली होती, आणि ती त्या काळी भरून निघण्यासारखी नव्हती. गांजात अंमल आणणारे सत्त्व नेमके कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अफूतून मॉर्फीन आणि सिंकोनातून क्विनीन काढून जमाना लोटला होता. गांजाचे सत्त्व हाती लागत नव्हते. कारण ते स्फटिक होऊन खाली बसत नाही, चिकट राळेत मिसळून राहते.

ही अडचण डॉक्टरांना चांगलीच जाणवत होती. कलकत्त्याचे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. आधी जनावरांवर आणि मग धनुर्वात, संधिवात, पटकी व झटके यांच्या रोग्यांवर. १८४२ साली ते गांजा विलायतेस घेऊन गेले व तेथे पीटर स्क्वायर नावाच्या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क बाजारात आणला. पण डॉक्टरांची तक्रार ही की एका बाटलीने रोगी गुंगून जातो आणि दुसऱ्या बाटलीने काहीच होत नाही. मात्रा ठरविता येईना. अशा बेभरवशाच्या औषधाची पत टिकत नाही; अखेर १९३२ साली ब्रिटिश औषधसंहितेतून त्याचे नाव वगळले गेले. गांजा जुना झाला की त्याचा जोर उतरतो, हे आपल्याकडच्या विक्रेत्यांना ठाऊक होते. जहाजाने जाऊन महिनोन् महिने गोदामात पडलेल्या मालाचे काय झाले असेल, याची कल्पना करावी.

आयोगाचा अहवाल निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८९६ साली, केंब्रिज येथील वूड, स्पायव्ही व ईस्टरफील्ड या तिघांनी हिंदी चरसाचे ऊर्ध्वपातन केले. दाब कमी करून व खूप तापवून त्यांनी त्यातून एक दाट, तांबडे तेल मिळविले. त्याने अंमल चढत होता. त्यांना वाटले, हेच ते सत्त्व. त्यांनी त्याला नाव दिले कॅनाबिनॉल. तेथीलच डॉक्टर मार्शल यांनी ते तेल स्वतः घेऊन पाहिले आणि त्याचे परिणाम १८९७ मध्ये प्रसिद्ध केले. कॅनाबिनॉल घेतल्याने काय होते, याचे जे पहिले वृत्त जगात पसरले ते हे.

पुढची पायरी लक्ष देऊन ऐकावी, कारण सारी गोम तेथे आहे. १८९९ साली त्याच केंब्रिजच्या मंडळींना आढळले की ते तांबडे तेल एकजिनसी नाही. ते मिश्रण आहे. त्यातून त्यांनी एक शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि कॅनाबिनॉल हे नाव तेलाकडून काढून त्या शुद्ध द्रव्याला दिले. शास्त्रज्ञांनी हे उघडपणे आणि प्रामाणिकपणे केले. पण परिणाम असा झाला की वस्तू बदलली आणि नाव तेच राहिले. आणि नावाबरोबर कीर्तीही गेली. अंमल चढविला होता तेलाने, आणि त्याचा लौकिक मिळाला शुद्ध द्रव्याला.

ही चूक कळायला आणखी चाळीस वर्षे लागली. इंग्लंडातील रॉबर्ट कान यांनी १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत कॅनाबिनॉलची रचना बहुतेक उलगडली. १९४० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे रॉजर ॲडम्स आणि मँचेस्टरचे अलेक्झांडर टॉड, ज्यांना १९५७ साली दुसऱ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, या दोघांनी स्वतंत्रपणे ते काम पुरे केले व कॅनाबिनॉल प्रयोगशाळेत बनविले. तेव्हा स्पष्ट झाले की शुद्ध कॅनाबिनॉलला गांजासारखा अंमल नाही. मग अंमल कोणात? याचे पक्के उत्तर १९६४ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील राफाएल मेशूलम व येहिएल गाओनी यांनी दिले. पोलिसांनी पकडलेला पाच किलो चरस मेशूलम यांनी मागून घेतला आणि चक्क बसमधून प्रयोगशाळेत नेला. त्यातून जे सत्त्व त्यांनी निश्चित केले त्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. केंब्रिजच्या तांबड्या तेलात अंमल होता तो याचा.

मग कॅनाबिनॉल येते कोठून? आपल्या जिल्ह्यात हे समजावयास कठीण नाही. नवा तांदूळ शिजवला तर चिकट होतो आणि तोच वर्षभर ठेवला तर मोकळा शिजतो. तांदूळ तोच, काळ जाऊन बदललेला. गांजाचे तसेच आहे. ताज्या झाडात कॅनाबिनॉल जवळजवळ नसते. टीएचसीला हवा, उजेड आणि उष्णता लागत राहिली म्हणजे त्याचा काही भाग सावकाश कॅनाबिनॉल होतो. मिसिसिपी विद्यापीठातील रॉस व एल्सोहली यांनी साठविलेल्या गांजाचे वर्षानुवर्षे मोजमाप केले. खोलीच्या साध्या तपमानात टीएचसी पहिल्या वर्षात सुमारे १७ टक्के आणि चार वर्षांत सुमारे ४१ टक्के घटले, आणि त्याबरोबर कॅनाबिनॉल वाढत गेले. दोहोंच्या प्रमाणावरून मालाचे वय अजमावता येते. चीनमधील तुर्फानजवळच्या यांघाई येथील एका थडग्यात २७०० वर्षांपूर्वीचा ७८९ ग्रॅम गांजा सापडला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तपासणीत कॅनाबिनॉल मिळाले, तेही त्याच कारणाने.

शितावरून भाताची परीक्षा करता येते खरी. पण ते शीत ताजे की शिळे हे आधी पाहावे लागते. १८९६ साली ते कोणी पाहिले नव्हते, आणि पाहण्याचे साधनही त्या काळी नव्हते.

झोपेची कीर्ती

आता झोपेकडे येऊ. जुना गांजा ओढला म्हणजे उल्हास न येता सुस्ती येते, अशी ओढणाऱ्यांची ऐकीव माहिती होती. जुन्या गांजात कॅनाबिनॉल अधिक, हे रसायनशास्त्राने सांगितले. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि तिसरी आपोआप तयार झाली : कॅनाबिनॉलने झोप येते. हा तर्क अगदी त्या वर्णनपत्रासारखा आहे. माणूस वेडा आहे, तो गांजा ओढतो, सबब वेड गांजाचे. गांजा जुना आहे, त्यात कॅनाबिनॉल आहे, सबब झोप कॅनाबिनॉलची. जुन्या गांजात टीएचसी शिल्लक असते, त्यातील सुगंधी तेले उडून गेलेली असतात, ओढणारा स्वतः दिवसभराचा थकलेला असतो, हे कोणी विचारात घेत नाही.

प्रत्यक्ष पाहणी काय सांगते? १९७५ साली ब्राझीलमधील कार्निओल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच पुरुषांना कॅनाबिनॉल देऊन पाहिले. ५० मिलिग्रॅम नुसते दिले तेव्हा विशेष गुंगी आली नाही. टीएचसीबरोबर दिले तेव्हा नुसत्या टीएचसीपेक्षा अधिक गुंगी वाटली, असे त्यांनी सांगितले. पाच माणसे म्हणजे आमच्या कचेरीतल्या एका बाकावर मावतील इतकी. पुढे पुष्कळ वर्षे कोणी नीट चाचणी केली नाही, आणि बाटल्या मात्र विकल्या जाऊ लागल्या. २०२१ साली जेमी कॉरून या संशोधकाने तोपर्यंतचे सारे लिखाण तपासून निष्कर्ष काढला की झोपेच्या दाव्याला पुरेसा पुरावा नाही. २०२३ साली अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात काहींना सात रात्री २० मिलिग्रॅम कॅनाबिनॉल आणि काहींना तसेच दिसणारे निरुपद्रवी औषध दिले होते. झोपेची प्रत सुधारली असे निश्चितपणे दिसले नाही. रात्री जाग येण्याचे प्रमाण मात्र थोडे कमी झाले. २०२४ साली सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की प्रयोगशाळेतील उंदरांची झोप कॅनाबिनॉलने वाढते. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणूनच माणसांवरील चाचण्या हाती घेण्यात आल्या.

तेव्हा न्यायाने बोलायचे तर असे म्हणावे लागते : कॅनाबिनॉलने झोप येतच नाही, असे सिद्ध झालेले नाही, येते असेही अजून सिद्ध झालेले नाही. चौकशी चालू आहे. उद्या ती त्याच्या बाजूने लागली तर आम्ही आनंदाने ते मान्य करू. पण बाटलीवर 'चौकशी चालू' असे कोणी छापत नाही.

बाईला काय सांगितले

बाईला आम्ही पहिल्या आठवड्यातच सांगितले की बाटली उघडू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती. त्यात दुसरे औषध मिसळणे हा आमचा अधिकार नव्हे आणि भाच्याचाही नव्हे. शिवाय अशा बाटलीत नेमके काय आणि किती आहे, हे वरच्या अक्षरांवरून कळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा व चरस यांना बंदी आहे. पानांपासूनची औषधे 'विजया' या नावाने आयुर्वेदाच्या परवान्याखाली निघतात, पण तीही वैद्याच्या सांगण्यावरून घ्यावयाची असतात.

डॉक्टरांनी बाटली बाजूला ठेवली आणि बाईला विचारले : दिवसाला किती बिड्या वळता? किती वाजेपर्यंत बसता? चहा किती वेळा पिता? मान कुठे दुखते? हे प्रश्न त्यांनी विचारले म्हणून आम्हांला त्यांचा आदर वाटला. आणि आम्ही ते आधी विचारले नाहीत याची लाजही वाटली. बाई हजार बिड्यांचा आकडा गाठण्यासाठी सूप मांडीवर घेऊन रात्री अकरापर्यंत मान खाली घालून बसत होती. झोप येऊ नये म्हणून चहा पीत होती. घरी नेलेले पान निकृष्ट निघाले की त्यात बिड्या कमी भरत, तूट तिच्याच माथी पडे, आणि ती भरून काढताना रात्र आणखी लांबे. अंथरुणावर पडल्यावर मान व खांदे ठणकत, आणि उद्याच्या आकड्याची चिंता डोळ्यांत बसे. तिच्या गल्लीतील इतर बायांना विचारले, तर त्यांचीही कहाणी थोड्या फरकाने तीच निघाली. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. कामाचे तास, निकृष्ट म्हणून काढलेल्या मालाचे प्रमाण यांना त्याने मर्यादा घातल्या. पण घरी बसून वळणाऱ्या बाईच्या दिव्याखाली तो कायदा क्वचितच पोचला.

तिच्या निद्रानाशाच्या रकान्यात भाच्याने, भल्या बुद्धीने, 'कॅनाबिनॉल कमी' असे जणू लिहून टाकले होते. खरे कारण पानाच्या मापात आणि रात्री अकराच्या घड्याळात होते. पानाच्या मापाचा प्रश्न संघटनेने उचलला. तो अर्धा सुटला, अर्धा बाकी आहे. डॉक्टरांनी मानेचे व्यायाम सांगितले आणि संध्याकाळनंतरचा चहा बंद केला. बाईला आता पूर्वीपेक्षा बरी झोप लागते. रोज लागते, असे मात्र ती म्हणत नाही, आणि आम्हीही म्हणत नाही.

१९९८ च्या त्या भट्टीवाल्याच्या प्रकरणापासून आमच्या संघटनेच्या तक्रार-वहीत एक बदल झालेला आहे. 'कारण' या रकान्याला लागून दुसरा एक रकाना आम्ही हाताने आखतो. त्यात लिहावयाचे असते : 'कोणास विचारले?' तो कोरा असेल, तर आधीच्या रकान्यातील शब्द पेन्सिलीनेच लिहावा, असा नियम आहे. आयोगाचे खंड वाचल्यावर आम्हांला कळले की १८९३ साली सात शहाणी माणसे देशभर फिरली ती हाच दुसरा रकाना भरण्यासाठी.

आपणांपैकी पुष्कळजण कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत बसून असे रकाने रोज भरीत असतील. मुलगा शाळेत का आला नाही, मजूर कामावर का आला नाही, रोगी का दगावला, हे लिहीत असतील. त्या प्रत्येक शब्दामागे एखाद्याची नोकरी असते, एखाद्याची सोयरीक असते. तो शब्द लिहिण्यापूर्वी शेजारी एक रेघ आखून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.